किनाऱ्यावरचे कुरव: डोक्याचा रंग सोडा, पंखाचं टोक बघा

खाजणकाठ

नोव्हेंबर लागला की आक्षी, नागाव, किहीमच्या पुळणींवर कुरव (सी-गल) उतरू लागतात आणि पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस सुरू होतो. "हा तपकिरी डोक्याचा की काळ्या डोक्याचा?" उत्तरं भराभर येतात, पण कशावरून ओळखलं ते कोणी सांगत नाही. विचारणारा नाव पाठ करून पुढे जातो आणि पुढच्या किनाऱ्यावर पुन्हा तिथेच अडतो. आपल्याकडच्या कुरवांबद्दल मराठीत एका जागी, कारणांसकट बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढतोय.

मला जे पटलंय ते आधीच सांगतो. कुरव ओळखताना डोक्यापासून सुरुवात करू नका. हे दोन्ही पक्षी आपल्याकडे येतात तेव्हा दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि डोळ्यामागे एक काळसर डाग असतो. वीण जवळ आली की दोघांच्याही डोक्यावर चॉकलेटी टोपी चढते. तपकिरी डोक्याच्याची जरा फिकट, मागे गडद किनार असलेली. काळ्या डोक्याच्याची जास्त गडद. मार्चमध्ये या फरकाचा उपयोग होतो, डिसेंबरात काहीच होत नाही.

पंखाचं टोक मात्र सगळा हंगाम कामाला येतं. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक ठळक काळं आणि त्या काळ्यात दोन मोठे पांढरे ठिपके. पक्षीनिरीक्षक त्यांना मिरर म्हणतात. काळ्या रंगाच्या आतल्या बाजूला पुन्हा पांढरा भाग. काळ्या डोक्याच्या कुरवाची मांडणी अगदी वेगळी आहे: पंखाची पुढची कड टोकापर्यंत पांढरीशुभ्र, लांब पाचरीच्या आकाराची, आणि काळा रंग फक्त उड्डाणपिसांच्या टोकांना. खालून बघितलं तर या पांढऱ्या कडेच्या लगतची पिसं धुरकट दिसतात. हे एकदा नजरेत बसलं की दोनशे फुटांवरून, साध्या दुर्बिणीतूनही कळतं.

पक्षी बसलेला असेल तर डोळा बघा. प्रौढ तपकिरी डोक्याच्याचं बुबुळ फिकट, पिवळट पांढरं. त्यामुळे चेहरा करारी दिसतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, चेहरा सौम्य. पहिला अंगाने थोराड, चोचही जाड; दुसरा लहानखुरा आणि चोच बारीक. दोघे शेजारी उभे असतील तर लगेच कळतं, एकटादुकटा असेल तर आकारावर विसंबू नका.

हे सगळं मी प्रौढ पक्ष्यांबद्दल लिहिलंय हे लक्षात ठेवा. पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांचा हिशोब वेगळा, त्यावर पुढे बोलूच. फोटो असतील ते टाका. उडतानाची एक फ्रेम दहा बसलेल्या फोटोंपेक्षा मोलाची.

नवी_दुर्बीण

फार छान धागा! मी गेल्या वर्षापासूनच पक्षी बघायला लागलेय, त्यामुळे प्रश्न प्राथमिक आहेत. आमच्या इथे थवा बसतो तो लांब, पाण्याच्या कडेला. डोळ्याचा रंग दिसत नाही आणि जवळ गेलं की सगळे उडून आणखी लांब जाऊन बसतात. शिवाय त्यात सुरयही मिसळलेले असतात. मग बघायचं काय आणि कसं?

खाजणकाठ

@नवी_दुर्बीण, जवळ जायचंच नाही. उडवायचं तर मुळीच नाही. हिवाळ्यात त्यांना विश्रांतीची गरज असते आणि प्रत्येक उड्डाणाला शक्ती खर्च होते. एका जागी बसून राहा. अर्ध्या तासात कोणीतरी पिसं साफ करतो, एक पंख बाजूला ताणून आळस देतो, दोघांत जागेवरून भांडण होतं. पंखाचं टोक दिसायला तेवढं पुरतं. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर व्हिडिओ लावून ठेवा आणि घरी येऊन एकेक फ्रेम बघा.

सुरय वेगळे काढणं सोपं आहे. पाय आखूड, अंग सडपातळ, चोच सरळ आणि टोकदार, शेपटीला खाच. उडताना सुरय चोच पाण्याकडे रोखून फिरतो आणि सूर मारतो. कुरव सहसा पाण्यावर उतरून, तरंगत किंवा वरच्यावर उचलून खातो, आणि पुळणीवर आरामात चालतो. सुरय फार चालत नाही.

हर्णैकर

जवळ जाण्यापेक्षा भरतीला त्यांना तुमच्याकडे येऊ द्या. आमच्याकडची जुनी रीत सांगतो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या, एकादशीला सव्वाआठच्या. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. जागेप्रमाणे अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो.

आता पक्षी बघणाऱ्याला काय हवं? सकाळची भरती. म्हणजे एकादशी-द्वादशीची सकाळ. ओहोटीला सगळे कुरव चिखलात, खडकांवर पांगलेले असतात. पाणी चढत आलं की ते मागे मागे सरकत कोरड्या पुळणीवर एकत्र बसतात. तुम्ही सुरूच्या बनाच्या कडेला आधीच बसलेले असाल तर ते आपणहून समोर येतात. आणि आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर. संध्याकाळी गेलात तर सूर्य डोळ्यांत आणि कुरव काळे ठिपके.

दुसरी जागा म्हणजे बंदर. हर्णैला संध्याकाळी लिलावाच्या वेळी होड्या लागतात, मासळी उतरते, टाकाऊ माल पाण्यात जातो. कुरव डोक्यावरून फिरत असतात, पंख हवे तेवढे बघा. रापण ओढतात तिथेही हेच. फक्त लोकांच्या कामात मध्ये येऊ नका. टोपल्या घेऊन पळणाऱ्या बायकांच्या वाटेत ट्रायपॉड मांडणारे लोक मी पाहिलेत, ते चांगलं नाही.

नवी_दुर्बीण

हर्णैकर काका, हे तिथीचं गणित मला कोणीच सांगितलं नव्हतं! पंचांग काढून बसते आता. मनापासून आभार.

कॅमेरावेडा

फोटोवरून ओळखणाऱ्यांसाठी थोडं. कुरव पांढरे, पुळण चकचकीत, पाणी चमकणारं. कॅमेऱ्याचा अंदाज चुकतो आणि दोनपैकी एक होतं: पांढरा रंग जळतो किंवा सगळा पक्षी करडा पडतो. पांढरा जळला की पंखाच्या टोकातले बारीक तपशील गेले. मी कुरवांसाठी एक्स्पोजर नेहमी थोडं खाली ठेवतो आणि रॉमध्ये काढतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे पाठीच्या करड्या रंगावरून मोठ्या कुरवांची जात ठरवणारे खूप आहेत, आणि फोटोत तो रंग अजिबात भरवशाचा नसतो. तोच पक्षी उन्हाकडे पाठ करून उभा राहिला की एका छटेचा, वळला की दुसऱ्या छटेचा. तुलना करायची तर एकाच फ्रेममधल्या, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या दोन पक्ष्यांची करा. ढगाळ दिवस मिळाला तर सोनं.

भीमाकाठी

आम्ही समुद्रापासून लांबचे, पण कुरव आमच्याकडेही येतात हे कोणाला खरं वाटत नाही. उजनीच्या पाणलोटात, भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला हिवाळ्यात तपकिरी डोक्याचे कुरव होड्यांमागे फिरतात, काळ्या डोक्याचेही असतात. पण मला इथे लिहायचंय ते पल्लासच्या कुरवाबद्दल, कारण तो एकदा नीट पाहिला की बाकी सगळे कुरव लहान वाटायला लागतात.

तो आपल्याकडच्या सगळ्यांत मोठ्या कुरवांपैकी. कपाळ लांब, उतरतं, चोच भक्कम. प्रौढाची चोच पिवळी, टोकाकडे काळा पट्टा आणि लाल रंग. हिवाळ्यात डोळ्याभोवती काळसर मुखवटा आणि त्यात डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या चंद्रकोरी. पाय पिवळे. फेब्रुवारीत टोपी चढायला लागते आणि ती खरोखरच काळी कुळकुळीत असते. मार्चच्या सुरुवातीला पूर्ण टोपीचा पल्लास पाण्यावरून संथ पंख मारत आला की होडीतले सगळे गप्प होतात. पीटर सायमन पल्लास या निसर्गशास्त्रज्ञाने 1773 साली याचं शास्त्रीय वर्णन केलं, म्हणून हे नाव.

खाजणकाठ

भीमाकाठी, सुंदर लिहिलंत. पल्लासच्या तरुण पक्ष्यांबद्दल एक भर घालतो, कारण किनाऱ्यावर गोंधळ तिथेच होतो. मोठा कुरव, पंखांवर तपकिरी, शेपटीला काळा पट्टा असं दिसलं की लोक सरसकट ह्युग्लिन (काळपट पाठीचा दुसरा मोठा कुरव) लिहून टाकतात. पाठ बघा. पल्लासच्या पिल्लाची पाठ पहिल्याच हिवाळ्यात स्वच्छ करडी होते आणि शेपटीचा काळा पट्टा पांढऱ्यावर सुबक, धारदार उमटलेला असतो. त्याच वयाच्या ह्युग्लिनची पाठ अजून तपकिरी, चट्ट्यापट्ट्यांची असते.

यासाठीच मी वयाचा आग्रह धरतो. लहान कुरव साधारण दुसऱ्या हिवाळ्यात प्रौढांसारखे दिसतात. मोठ्या कुरवांना त्यासाठी चार वर्षांच्या आसपास लागतात, आणि दर वर्षी पिसारा वेगळा. म्हणजे एकाच जातीचे तीन-चार वेगळे दिसणारे पक्षी एकाच पुळणीवर उभे असतात. आधी वय ठरवा, मग जात. शेपटीला काळा पट्टा आहे? पंखांवर तपकिरी आहे? तर पक्षी तरुण आहे आणि प्रौढांच्या खुणा त्याला लावायच्या नाहीत.

चापोरा

गोंयच्यान नमस्कार! मोरजीला चापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा पट्टा आहे, तिथे हिवाळ्यात कुरवांची सभाच भरते. एकाच ठिकाणी पाच जाती शेजारी शेजारी बघायला मिळतात, त्यामुळे शिकायला उत्तम. अजून कोणी सडपातळ चोचीच्या कुरवाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो.

हा पक्षी लोक बघतात आणि काळ्या डोक्याचा म्हणून सोडून देतात, कारण पंखाचं टोक जवळजवळ तसंच: पुढची कड पांढरी, टोकांना काळं. म्हणजे खाजणकाठ यांनी सांगितलेली पहिली खूण इथे अपुरी पडते. इथे घडण बघावी लागते. चोच लांब, कपाळ उतरतं, त्यामुळे चोच आणि डोकं मिळून एकच लांब रेघ तयार होते. मान लांब, सावध झाला की ती आणखी ताणतो. डोळा प्रौढात फिकट. डोळ्यामागचा डाग नसतो किंवा असलाच तर पुसट. याच्या डोक्यावर विणीतही टोपी चढत नाही. मार्चमध्ये सगळे टोपी घालून उभे असताना एखादा पांढऱ्या डोक्याचा, पोटावर गुलाबी झाक असलेला दिसला तर त्याच्यावर दुर्बीण रोखा.

खाण्याची पद्धतही वेगळी. उथळ पाण्यात चार-सहा जण एकत्र, माना पुढे काढून, भराभर पोहत टिपत जातात.

खाजणकाठ

बरोबर, आणि चांगलं केलंत. पंखाच्या टोकाने दोन गट पडतात. सडपातळ आणि काळ्या डोक्याचा हे एकाच गटात. तिथून पुढे चोच आणि कपाळ. ठाणे खाडीतही हा दिसतो, ऐरोलीच्या बाजूने होडीतून जाणाऱ्यांनी फ्लेमिंगोंच्या आसपास बसलेले कुरव न्याहाळून बघा.

ओहोटी

मोठ्या काळपट पाठीच्या कुरवांचं काय करायचं? ह्युग्लिन आणि स्टेपी असे दोन लिहिताना लोक दिसतात. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, दोन्ही लेसर ब्लॅक-बॅक्ड या एकाच जातीखाली येतात. मग ही ओढाताण कशासाठी? मी तर सरळ लेसर ब्लॅक-बॅक्ड लिहून मोकळा होतो.

खाजणकाठ

@ओहोटी, तेवढंच लिहिणं पूर्णपणे प्रामाणिक आहे, त्यात काही कमीपणा नाही. पण ओढाताण का, ते सांगतो. हे दोन पक्षी दोन वेगळ्या जगांतून येतात. ह्युग्लिन उत्तर रशियाच्या टुंड्रात, आर्क्टिक समुद्राच्या काठी वीण करतो. स्टेपी कुरव कझाकस्तानच्या उत्तरेकडच्या आणि नैर्ऋत्य सैबेरियाच्या गवताळ मैदानांतल्या तलावांवर. दोघे हिवाळ्यात आपल्या पुळणीवर एकत्र उभे राहतात. कोण किती येतो, कधी येतो, कधी जातो, हे कळायचं असेल तर किनाऱ्यावरच्या माणसांनीच बघायला हवं.

रंगाने ह्युग्लिन गडद, स्टेपी फिकट असं सांगतात, पण कॅमेरावेडा यांनी लिहिलेला धोका इथे पुरेपूर आहे. भरीला उत्तर सैबेरियातल्या तैमिर भागातले ह्युग्लिन मूळचेच फिकट असतात. माझा भर पिसं बदलण्यावर असतो. ह्युग्लिनचा प्रवास लांबचा आणि पिसांचा बदल उशिरा चालतो. डिसेंबरात प्रौढ ह्युग्लिन उडताना बघा: पंखाच्या टोकाशी नवी पिसं अजून अर्धवट वाढलेली, कधी जुनी विटकी पिसं तशीच अडकलेली, त्यामुळे पंख टोकाला बोथट, तुटका दिसतो. त्या सुमारास स्टेपीचं काम बरंच पुढे गेलेलं असतं, त्याचा पंख भरलेला आणि टोकदार दिसतो. ही खूण एकटी पुरेशी नाही, पण रंग, डोक्याचा गोलवा आणि पिसांची अवस्था तिन्ही एका बाजूला झुकली तर मी नाव लिहितो. नाहीतर लेसर ब्लॅक-बॅक्ड.

ओहोटी

पिसांचं पटलं. डिसेंबरात बघतो. पण तुमचं सगळं वाचून वाटतं की या मोठ्या कुरवांत जात म्हणजे नक्की काय, हेच शास्त्रज्ञांना ठरवता आलेलं नाही.

खाजणकाठ

तुमची शंका रास्त आहे, आणि तिच्यामागे मोठा इतिहास आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 साली या कुरवांचं उदाहरण देऊन वर्तुळाकार जातीची कल्पना लोकांपुढे ठेवली. उत्तर ध्रुवाभोवती शेजारच्या शेजारच्या कुरवांची वीण होत जाते, थोडा थोडा फरक पडत जातो आणि वर्तुळ युरोपात पूर्ण होतं तेव्हा दोन टोकांचे पक्षी एकमेकांत मिसळत नाहीत. अनेक वर्षं जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे शिकवलं गेलं. 2004 मध्ये डीएनएच्या अभ्यासाने दाखवलं की वर्तुळ तसं जुळत नाही. हे पक्षी दोन वेगळ्या प्राचीन आश्रयस्थानांतून पसरले आणि नंतर एकमेकांना भेटले. म्हणजे किनाऱ्यावर आपल्याला पडणारा गोंधळ हा त्यांच्या इतिहासातूनच आलेला आहे. मला ही गोष्ट फार भावते.

टेम्सकाठ

लंडनहून. काळ्या डोक्याचा कुरव म्हणजे आमच्या रोजच्या वाटेवरचा पक्षी. नदीवर, बागेतल्या तळ्यावर, नांगरणी चाललेल्या शेतात ट्रॅक्टरमागे. याच्या टोपीची प्रगती इथे दर आठवड्याला बघता येते. जानेवारी-फेब्रुवारीत डोळ्यामागचा डाग पसरायला लागतो, मग कपाळावर चॉकलेटी ठिगळं, मार्चअखेर पूर्ण टोपी. उन्हाळा सरताना पुन्हा पांढरं. एकाच तळ्यावर एकाच दिवशी पूर्ण टोपीचा आणि बिनटोपीचा असे दोन पक्षी असतात, कारण वय आणि तब्येत दोन्हींचा परिणाम होतो. त्यामुळे तुमच्याकडे फेब्रुवारीत एकाला टोपी आणि दुसऱ्याला नाही, म्हणून दोन जाती समजू नका.

पायांकडेही बघत जा. इथे कितीतरी कुरवांच्या पायात अक्षरं लिहिलेली रंगीत कडी असतात.

खाजणकाठ

कड्यांचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अनेक दशकं पक्ष्यांना कडी घालते आहे. कडं दिसलं तर रंग, कोणत्या पायात, अक्षरं-आकडे वाचता येतील तेवढे, जागा आणि तारीख लिहून त्यांना कळवा. मेलेला पक्षी सापडला तरी कडं बघा.

उंचावरून

तपकिरी डोक्याच्या कुरवाचं दुसरं घर मी पाहिलंय म्हणून लिहिते. लडाखमध्ये त्सो कार, त्सो मोरीरी, पँगाँग. उन्हाळ्यात साडेचार हजार मीटरच्या आसपास, झाडाचं नाव नाही, वाऱ्याने ओठ फुटतात आणि तिथे हा आपला अलिबागचा पक्षी पूर्ण टोपी घालून तलावावर असतो. टोपीत तो फिकट डोळा इतका उठून दिसतो की शंकेला जागा राहत नाही. लडाख, तिबेट, पामीर आणि मध्य आशियातल्या उंच तलावांवर यांची वीण होते. समुद्रकाठी राहणाऱ्या पक्ष्याचा जन्म समुद्रापासून इतक्या लांब आणि इतक्या उंचावर, हे डोळ्यांनी बघितल्यावर किनाऱ्यावरच्या थव्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

मांडवा_लाँच

सगळे पुळणीवर का बसता? गेटवेहून मांडव्याच्या किंवा घारापुरीच्या लाँचवर बसा. कुरव हाताच्या अंतरावर उडत येतात. लोक वेफर्स, गाठिया टाकतात, ते हवेतच झेलतात. पंखाचं टोक, डोळा, चोच, सगळं एका फेरीत. पोरं किती खूश होतात! थोडं खायला घातलं तर बिघडलं काय?

उंचावरून

पोरं खूश होतात हे खरं, पण मला हे बघवत नाही. तळलेल्या, खारट खाऊत या पक्ष्यांना लागणारं काहीही नाही. ते मासे, कोळंबी, किडे खाणारे. चार महिन्यांत अंगावर चरबी साठवून त्यांना हिमालयापार जायचंय. वर रिकामी पाकिटं समुद्रात जातात. आणि तो घोळका एकमेकांवर आदळत असतो, ते फोटोत दिसत नाही.

हर्णैकर

मांडवा_लाँच, फेरी जरूर करा, खाऊ न टाकता करा. लाँचच्या पंख्याने पाणी ढवळतं, लहान मासळी वर येते, कुरव त्यासाठी मागे येतातच. फेरी लाँच नव्हत्या तेव्हाही शिडाच्या होड्यांमागे यायचे. मुलांना पंखावरचे पांढरे ठिपके मोजायला लावा. कोणाचे आहेत, कोणाचे नाहीत. वेफर्सची आठवण होत नाही.

मांडवा_लाँच

ठिपके मोजण्याची कल्पना आवडली. पुढच्या फेरीला खाऊ घरी ठेवतो. हिमालयापार जातात हे मला माहीत नव्हतं.

नवी_दुर्बीण

आज एकादशी गाठली! हर्णैकर काकांच्या हिशोबाने सकाळी साडेसातला जाऊन बसले आणि थवा खरोखर समोर सरकत आला. आता मदत करा. फोटो १ मधला पक्षी उडतोय, टोक पूर्ण काळं, पांढरे ठिपके नाहीत. शेपटीला काळा पट्टा. डोळा गडद वाटतो. ठिपके नाहीत आणि डोळा गडद म्हणून काळ्या डोक्याचा म्हणावा, तर पुढची कड पांढरी दिसत नाहीये. फोटो २ मध्ये तीन पक्षी बसलेत, मला तिघेही काळ्या डोक्याचे वाटतात.

खाजणकाठ

फोटो १ मध्ये तुम्ही स्वतःच उत्तराच्या दारापर्यंत आला आहात. शेपटीला पट्टा, पंखावर तपकिरी आडवी रेघ, म्हणजे पहिल्या हिवाळ्यातला पक्षी. या वयात तपकिरी डोक्याच्याला मिरर नसतात आणि डोळाही गडद असतो, नंतर फिकट होत जातो. म्हणून त्या दोन्ही खुणा इथे बाद. उरतं ते टोकाचं काळं. बाहेरची पिसं पुढच्या कडेपर्यंत सलग काळी आहेत आणि आतल्या बाजूला पांढरा भाग आहे. काळ्या डोक्याच्याच्या पिल्लालासुद्धा पुढच्या कडेला भरपूर पांढरं असतं. इथे ते नाही. तपकिरी डोक्याचा कुरव, पहिला हिवाळा.

कॅमेरावेडा

सहमत. फोटो १ मोठा करून बघितला, चोच बुडाशी फिकट नारिंगी, टोक काळं आणि जाडी चांगली आहे. एक्स्पोजरही नेमकं जमलंय, पांढरं कुठेच जळलेलं नाही.

चापोरा

फोटो २ मधले डावीकडचे दोन काळ्या डोक्याचेच: गोल डोकं, बारीक आखूड चोच, डोळ्यामागे ठळक डाग. उजवीकडचा मात्र पुन्हा बघा. मान उंच काढलीय, कपाळ चोचीपर्यंत सरळ उतरतं, डाग जवळपास नाहीच. त्याची एखादी वेगळी फ्रेम आहे का? बाजूने, मान ताणलेली?

नवी_दुर्बीण

आहे! व्हिडिओतून काढून टाकतेय, फोटो ३. थोडा हलला आहे.

चापोरा

हलला असला तरी पुरेसा आहे. चोचीची लांबी शेजारच्या दोघांच्या तुलनेत बघा, आणि डोळा फिकट आहे. सडपातळ चोचीचा कुरव, प्रौढ. ईबर्डवर यादी टाकताना तिन्ही फोटो जोडा आणि पक्ष्यांची वयं शेऱ्यात लिहा. थव्यातल्या ज्यांचं नक्की झालं नाही त्यांच्यासाठी नुसतं कुरव, जात अनिश्चित, असा पर्याय असतो, तो वापरा.

नवी_दुर्बीण

टाकली यादी. अनिश्चित बरेच आहेत. उद्या द्वादशी, भरती नऊला, पुन्हा जातेय.

हर्णैकर

पावणेआठपर्यंत पोचा, पाणी चढायच्या आत बसलेलं बरं.